लंडनमध्ये वारले

आमच्या घरात फडताळात वर्तमानपत्राऐवजी पत्रकं अंथरलेली असत. वडील कामगार चळवळीतले. मोर्चा संपला की उरलेली गुलाबी, पिवळी पत्रकं घरी येत आणि डाळीच्या डब्यांखाली जात. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' आणि 'चलो कलेक्टर कचेरी' यांवर. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी भेटलं, आणि विशी उलटली तरी साधं वाक्य मला लिहिता येत नव्हतं. ते मला एका फळ्यानं शिकवलं.

शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाला, म्हशी उभ्या करून समोर धार काढून देत त्या दूधकट्ट्याशेजारी, भिंतीवर तरुण मंडळाचा फळा होता. नळाला पाणी कधी, कुस्त्या कुठं, आणि मुख्य म्हणजे कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी, हे त्यावर असायचं. बाकीचं वाचलं नाही तरी चालायचं, पण शेवटचं वाचल्याशिवाय माणूस कामाला जायचा नाही. फळा लिहायचे ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची.

मास्तर कैलासवासी, वैकुंठवासी असलं काही लिहीत नसत. गुळाचा अडत्या गेला तरी 'वारले', आणि गटारं साफ करणारी बाई गेली तरी 'वारल्या'. अक्षर एकाच मापाचं. एकदा अडत्याचे जावई येऊन म्हणाले, "मास्तर, जरा मोठ्ठं लिवा की. मोठा माणूस हुता."

"हुता न्हवं?" मास्तर म्हणाले. "मग आता सारखाच."

मी तेव्हा समतेवर पानंच्या पानं लिहीत होते. ती अमलात आलेली पहिल्यांदा पाहिली ती त्या फळ्यावर, खडूनं.

१९८३ साल सुरू झालं तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीच्या सालाचं वेड लागलं. १८८३ साली काय माणसं गेली! इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललेला आपला मराठी माणूस, समुद्रापलीकडच्या तुरुंगात. कर्मठांशी भांडत देशभर फिरलेला संन्यासी. आपल्या कोल्हापूरचा तरुण राजा, परक्यांच्या पहाऱ्यात, गावापासून लांब. आणि लंडनमध्ये तो दाढीवाला जर्मन विचारवंत, ज्याची तसबीर आमच्या घरात देव्हाऱ्याच्या कोनाड्यात होती. शाळेच्या पुस्तकांनी यांना वेगवेगळ्या धड्यांत कोंडून ठेवलं होतं, एकाचा वारा दुसऱ्याला लागू नये म्हणून. जिवंतपणी हे चौघं एका पंगतीला बसले नसते. त्या सालानं बसवले. त्यांची नावं इथं पुन्हा लिहीत नाही. फळ्यावर ती लिहिली होती, आणि गल्लीनं ती वाचली होती.

मी मास्तरांकडं फळ्याचा एक कोपरा मागितला. फेब्रुवारीत त्या बंडखोराचा दिवस आला तेव्हा 'हुतात्म्याला लाल सलाम' लिहून पुढं तीन उद्गारचिन्हं ठोकली. मास्तरांनी तळहातानं सगळं पुसलं.

"वारले लिही."

"मास्तर, तुरुंगात गेलाय तो माणूस!"

"मग तुरुंगात वारले लिही. आधी नाव, मग कुठं, शेवटी कधी. रडायचं का वरडायचं, ते वाचणारा ठरवंल."

चडफडत तसं लिहिलं. दुपारी तालमीतली दोन पोरं फळ्यापुढं थबकली. एकानं मला विचारलं, "तुरुंगात? कशापायी?" मी तोवर हजारो पत्रकं वाटली असतील. 'कशापायी' असं मला एकानंही विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये दाढीवाल्याचा दिवस आला. सकाळी मी नाव लिहिलं, त्याखाली 'लंडनमध्ये वारले', आणि सगळ्यात खाली 'शंभर वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी'. मग कॉलेजला गेले. मागं दूधकट्ट्यावरच्या एका म्हशीला फळ्याच्या भिंतीला पाठ घासावीशी वाटली, आणि खालची ओळ तिच्या पाठीबरोबर गेली.

आमच्या गल्लीतला एकच माणूस लंडनला होता. समोरच्या मावशींचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेला. दोन महिने त्याचं पत्र नव्हतं, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण पोस्टमन दिसला की मावशी दारातून हाक मारायच्या. फळ्यावर नाव परकं होतं, चांगलं ठळक होतं. पण 'लंडनमध्ये वारले' एवढं वाचल्यावर पुन्हा वर जाऊन नाव वाचायला कोण थांबतंय?

दुपारी परत आले तर मावशींच्या दारात चपलांचा ढीग. गुळाची गाडी घेऊन आलेला कोडोलीचा एक शेतकरी टोपी हातात घेऊन उभा होता. मला हळूच म्हणाला, "लई वंगाळ झालं बगा, ताई. मयत इमानानं आणणार व्हय?"

आत बायका रडत होत्या. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या मात्र रडत नव्हत्या. कुणाकडं बघतही नव्हत्या.

मी ओरडले, "मावशी, तो आपला न्हाय! जर्मन हाय! शंभर वर्षं झाली त्याला जाऊन!"

रडणं तटकन थांबलं. एक बाई नाक पुसत म्हणाली, "शंभर वर्सांनी कळवत्यात व्हय?"

दुसरी म्हणाली, "आगं, मग मघाधरनं आपण रडतोय कुणाला?"

मावशी उठल्या, चपला न घालता तडक फळ्याशी गेल्या. मागं अख्खी गल्ली. मंडळाचे अध्यक्ष आधीच येऊन तापले होते. "मास्तर, पुसा ते. आन् पोरीच्या हातात खडू द्यायचा न्हाय आजपासनं."

"तू गप," मावशी म्हणाल्या. "पोरगा तुझा हाय का माझा?" मग माझ्याकडं वळल्या. "कोण ह्यो?"

मी भांडवलापासून सुरुवात केली. मास्तर खाकरले. मग मी साधं सांगितलं. ह्याला देशोदेशी हाकललं. लंडनात दोन खोल्यांत संसार केला. गरिबांची पिळवणूक कशी होते ते जन्मभर लिहीत बसला. काही लेकरं लहानपणीच गेली. बायको गेली. थोरली लेक गेली, आणि मागोमाग हाही, खुर्चीत बसल्या बसल्या.

"परक्या गावात," मावशी म्हणाल्या.

"व्हय."

त्या नावाकडं बघत उभ्या राहिल्या. "न्हाय पुसायचं. म्हशीनं खाल्लेली वळ परत लिही. आन् त्याच्या खाली लिही, आमचा बाळ लंडनात खुशाल हाय."

मी खडू टेकवला आणि थांबले. 'विजय आपलाच आहे' असं मी पत्रकातून दर आठवड्याला लिहीत होते, तेव्हा हात कधी अडखळला नव्हता. पण मास्तरांच्या फळ्यावर कधी काही खोटं लागलं नव्हतं, आणि दोन महिने पत्र नव्हतं. मावशींना हे सांगायचं धाडस माझ्यासारख्या वाघिणीला झालं नाही. मास्तरांना झालं. पेठेत कुणाचीही भीड न ठेवणारे मास्तर, पण हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की पुढच्या आम्हा दोघींनाच ऐकू गेलं.

"वैनी, खात्री हाय?"

मावशींचा चेहरा उतरला. "न्हाय," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "चला. खात्री करू."

त्या गेलेल्या अडत्याच्या पेढीवर फोन होता, आणि मुलगा राहायचा त्या घराचा नंबर मावशींनी देवाच्या फोटोमागं जपला होता. ट्रंक कॉल लावला आणि आम्ही वाट बघत बसलो. गुळाच्या ढेपांशेजारी मावशी, त्यांच्याजवळ मास्तर, दारात निम्मी गल्ली. अध्यक्षसुद्धा आले होते. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. धीर द्यायचा म्हणून काहीतरी गोड बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. काही न बोलता संध्याकाळपर्यंत बसून राहणारा माणूस मी तो एक पाहिला.

दिवेलागणीला घंटा वाजली. मावशींनी दोन्ही हातांनी फोन धरला आणि तारेची गरजच नाही अशा आवाजात हाक मारली, "बाळाऽ!"

पलीकडं खरखर झाली. मग मुलाचा आवाज आला, घाबरलेला, आणि इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. घरून ट्रंक कॉल येतो तो एकाच कारणासाठी, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आई, कोण वारलं?"

तेव्हा कुठं मावशींना रडू फुटलं. रडता रडताच त्या ओरडत होत्या, "कोण न्हाय रे! म्हंजे वारलाय एक, पर तो तिथलाच, तुझ्याच गावचा. दाढीवाला. लई सोसलं बिचाऱ्यानं, लेकरं गेली. जवळपास आसंल तर दारात जाऊन ये त्याच्या. आन् मुडद्या, पत्र लिही!"