राऊच्या कॅफेत मी उभा राहिलो

रविवारी इंदूरजवळच्या राऊला एक कांड झालं... आणि करणारा मीच. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, पण जेवण जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचा केदार रॅप करतो. स्नेहलतागंजात आमच्या ओळखीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलं की मी ठोकून द्यायचो, "सीए करतोय." सीए त्याने केव्हाच सोडलं होतं. मी विमा एजंट माणूस, अर्धं इंदूर ओळखीचं... कुठल्या तोंडाने सांगणार की पोरगा माइक धरून बडबड करत फिरतो?

त्याच्या प्रोग्रामला मी कधी म्हणजे कधी गेलो नाही. ही जायची, मोबाइलवर शूट करून आणायची. मला दाखवायला लागली की मी टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज वाढवायचो.

या रविवारी संध्याकाळी राऊच्या एका कॅफेत फायनल होती. जिंकेल तो मुंबईच्या मोठ्या बॅटलला जाणार. हिला ताप होता, म्हणून मला म्हणाली, "आज तरी जा. वाटलं तर त्याला दिसू नका, पण जा." मग गेलो बुवा. स्कूटरवर धुळीसाठी बांधतो तो रुमाल तोंडावर तसाच ठेवला आणि मागच्या रांगेत खांबाच्या आड बसलो... स्वतःच्या मुलाच्या प्रोग्रामला, चोरासारखा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... बॅटल म्हणजे दोन मुलं समोरासमोर उभी राहतात आणि आळीपाळीने, यमकं जुळवून, एकमेकांची इज्जत काढतात. एक बोलत असेल तेव्हा दुसऱ्याने मुकाट ऐकायचं, उत्तर आपली पाळी आली की द्यायचं. सगळं संपलं की दोघं गळाभेट घेतात आणि एकाच प्लेटमधले पोहे खातात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

केदारसमोर देवासचा एक मुलगा होता. पहिल्या दोन राउंडमध्ये आमच्या पठ्ठ्याने त्याला असा धुतला की पब्लिक खुर्च्यांवर चढली. मी रुमालाच्या आत हसत होतो... आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही बडबड नाही. अहो, भोत भारी बोलतो आमचा मुलगा! काय तो दम, काय ते शब्द. ऊर भरून आला माझा, खरंच सांगतो.

मग तिसरा, शेवटचा राउंड. आधी देवासवाला बोलणार होता. तो केदारच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला,

"सारा इंदौर आ गया सुनने, बाप अब तक आया नहीं...
सीए बोल के घुमाता सबको, रैपर कभी बताया नहीं!"

पब्लिकने "ओऽऽऽ" करून छत डोक्यावर घेतलं. माझं टाळकंच सटकलं. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते. फौज गेली, तलवार गेली, नाकावरचा राग तेवढा वारशाने आमच्यापर्यंत पोचला. ताडकन उठलो, रुमाल खाली ओढला आणि ओरडलो, "अरे, आया हूँ ना भिया! ये पीछे बैठा हूँ!"

मग असा हशा, अशा शिट्ट्या! देवासवालासुद्धा पोट धरून हसला. मला वाटलं, वा, पोराला जिंकवून दिलं की मी!

केदारची पाळी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं. पब्लिक त्याच्या स्टेजवरच्या नावाने "केडी, केडी" ओरडत होती, मीही मूर्खासारखा "बोल बेटा, बोल" करत होतो. तो नुसता उभा राहिला. टाइम संपला आणि निकाल देवासला गेला.

बाहेर त्याचा मित्र फिरोज भेटला, तोच हे सगळं चालवतो. बिचारा फार अदबीने बोलला. "काकाजी, ये बात तो सामने वाला बोलने ही वाला था, सबको पता था. केडी का पूरा आखरी राउंड उसी का जवाब था... आप पे था. इससे अच्छा उसने आज तक नहीं लिखा."

महिनाभर गच्चीवर तेच घोकत होता म्हणे. आणि मी खालून ओरडायचो, कसली भुणभुण लावलीये! त्यात काय होतं ते सांग म्हटलं, तर फिरोजने कान धरले. "ना काकाजी, वो तो वो ही सुनाएगा."

केदार माझ्याच स्कूटरवर मागे बसला. दाराशी उतरल्यावर मी सॉरी म्हटलं. मुलाला सॉरी म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. म्हटलं, मला एकट्याला तरी ऐकव ते.

चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ते तुम्ही कधीच येत नाही त्यावर होतं. आता तुम्ही आलात ना... ते खोटं झालं. खोटं मी नाही बोलत." आणि आईचा ताप बघायला आत गेला.

इतक्या वर्षांत कुठल्याही रविवारी गेलो असतो तरी चाललं असतं. या रविवारी गेलो होतो, तर नुसतं गप्प बसायचं होतं. माझ्या मुलाने आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं माझ्यावर होतं... आणि मी आलो म्हणून ते मला कधीच ऐकायला मिळणार नाही.