जेवू घातलेल्या माणसाचं आधारकार्ड

गिरिजाबाईंच्या वरच्या खोलीत कुणी राहायला आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ऊट आत्री?" जेवण झालं का, एवढंच. पाहुणा विजापूरचा असो की बार्शीचा, प्रश्न कानडीतच निघायचा. आणि भाषा कळली नाही तरी समोर आलेलं ताट कळायचंच. सासरी अक्कलकोटकडे शिकलेली रीत होती ती. दारात आलेल्या माणसाला जेवू घालायच्या आधी नाव-गाव विचारायचं नाही.

यजमान गुरुबसप्पा गेल्यावर ती खोली रिकामी पडली होती. पुण्याला नोकरीला असलेल्या सोमेशनं, त्यांच्या मुलानं, मोबाइलवर तिची जाहिरात टाकून दिली. दवाखान्यांची गल्ली जवळच, त्यामुळं येणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. चार दिवस, आठ दिवस राहायचे आणि जायचे. सोमेशचा फोनवर एकच धोशा, "आई, आधारकार्ड घेतलंस का? पोलिसांना कळवलंस का? थोड्या दिवसांचा असला तरी कळवावं लागतं."

"घेते की," गिरिजाबाई म्हणायच्या, आणि घ्यायच्या नाहीत. जेवणाआधी रीत आड यायची आणि जेवणानंतर लाज. आपल्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्लेल्या माणसाला, तू खरा कोण ते दाखव, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? जीभच रेटायची नाही. असं करत वर्ष गेलं.

मग वच्छला आली. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली. दिवस भरायच्या आतच बाळंत झालेली. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. नवरा इंद्रजीत तिथंच दाराशी बसून असायचा. हिला अजून नीट चालता येत नव्हतं, तरी दूध पाजायला दिवसातून कितीदा तरी जिना उतरायची. ती उतरायला लागली की गिरिजाबाईंचा जीव खाली येईपर्यंत टांगलेला.

सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही. वच्छलाच्या गावीही तीच तऱ्हा. म्हणून ती तिथं करायची तसंच इथं करायची: नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामी घागर. पाणी आलं की घागर वाजते, आपण उठायचं. त्या सकाळी दवाखान्यातून बोलावणं आलं आणि ती तशीच धावली. गिरिजाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. घागर वाजली, भरली, वाहिली. पाणी खोलीभर झालं आणि गच्चीच्या मोरीतून शेजारच्या चनमल्लप्पांच्या पत्र्याखाली उतरलं. तिथं नवी पेठेतल्या दुकानात जायचे टॉवेलचे गठ्ठे रचलेले होते.

गिरिजाबाई पिशवी घेऊन परतल्या तर चनमल्लप्पा दारातच उभे.

"अक्का, तुमच्या घरात कोण राहतंय ते तुम्हाला तरी माहीत हाय का?"

"वच्छला हाय. बाळंतीण हाय, अण्णा."

"आडनाव?"

गिरिजाबाईंनी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"गाव तरी?"

"मंगळवेढ्याकडचं."

"मंगळवेढ्याकडं लई गावं हायत." चनमल्लप्पांनी ओला टॉवेल पिळला. "रोज जिन्यात नवीन तोंड. आज टॉवेल गेले, उद्या काय जाईल? मी चाललो चौकीत. नियमानं ठेवा, नाहीतर खोलीला कुलूप लावा."

हे सगळं परत आलेल्या वच्छलानं फाटकातून ऐकलं. ती तशीच वर गेली आणि कपडे पिशवीत भरायला लागली. गिरिजाबाई मागोमाग वर आल्या.

"मावशी, आमी ऱ्हाऊ दवाखान्याच्या पायरीवर. तुमाला तरास नगं."

पायरीवर, अशा थंडीत, ओली बाळंतीण. गिरिजाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य म्हटलं, "तुझं आधारकार्ड दे. दोघांचं दे."

वच्छलानं लगेच काढून दिलं. "तुमी इच्चारलंच न्हाय, मला वाटलं लागत नसंल. दवाखान्यात तर दारातच मागत्यात की."

वर्षभर ज्या लाजेला त्या भीत होत्या, ती या पोरीच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना.

झेरॉक्स काढून त्या चौकीत पोचल्या, तेव्हा चनमल्लप्पा हवालदारासमोर बसलेच होते. तक्रार सांगून झाली असावी, कारण आता हवालदारच विचारत होता.

"तुमच्या घरी कोण भाडेकरू?"

"भाडेकरू कुठलं? बार्शीची दोन पोरं हायत. कॉलेजला जातात."

"भाडं देतात?"

"देतात की."

"मग? कळवलंय आम्हाला?"

"चांगल्या घरची पोरं हायत, साहेब."

"नावं सांगा."

"एक शिवानंद." चनमल्लप्पा खाकरले. "दुसऱ्याला आमी धाकटाच म्हणतो."

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. हवालदार त्यांच्याकडं वळला. "काकू, तुमची काय तक्रार?"

"माझी नाही. माझ्यावरच हाय. वर्षभर माणसं ठेवली, एकदाही कळवलं नाही." मग राहवलं नाही म्हणून एकदम विचारून टाकलं, "पोरीला बाहेर काढावं लागंल का? तिचं बाळ पेटीत हाय."

"कशाला काढता? माहिती द्या, राहू द्या. पुढच्या वेळी माणूस आला की त्याच दिवशी कळवायचं. पुन्हा चुकलात तर गुन्हा लागेल, आणि तेव्हा मला काकू म्हणता यायचं नाही." मग चनमल्लप्पांकडं बघत, "तुम्हालाही तेच."

"आणि माझ्या टॉवेलांचं?"

"पाणी कुणाच्या मोरीतनं कुठं जावं ते तुमचं तुम्ही बघा की. तीस वर्षं शेजारी आहात म्हणता."

बाहेर आल्यावर चनमल्लप्पांनीच रिक्षा थांबवली.

"बसा, अक्का. त्या पोरीला सांगा, नळ बंद ठेव म्हणावं. पाणी आलं की आमची सून हाक मारील."

"आणि टॉवेल माझ्या गच्चीवर वाळू घाला. ऊन चांगलं असतंय तिथं."

"घालावेच लागणार की," चनमल्लप्पा म्हणाले. पण आवाजातली धार गेली होती.

चौकीतून काय निघतंय या धास्तीनं वच्छला जिन्याखाली पिशवी घेऊन बसली होती. रिक्षातून दोघांना एकत्र उतरताना बघून ती उभीच राहिली.

"वर ने ती पिशवी," गिरिजाबाई म्हणाल्या. "तू हितं राहतेस ते आता सरकारला ठाऊक हाय. कुणी उठवत नाही तुला."

वच्छलानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पिशवी ठिवते आन् जाते. दुधाची येळ झाली."

ती हळूहळू दवाखान्याकडं गेली. गिरिजाबाई गच्चीवर चढल्या. चनमल्लप्पांची सून जिन्यातून टॉवेल देत होती आणि त्या दोरीवर टाकत होत्या. "बाळ कसं हाय तिचं?" सुनेनं विचारलं. "वजन वाढतंय म्हणे," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून आपण स्वतः जेवलोच नाही हे त्यांना आठवलं. एकाएकी सपाटून भूक लागली.