पट्ट्यापट्ट्यांची फायनल

हॉस्पिटलच्या धुलाईघरात मावशींचं काम एकच. मशीनमधून निघालेलं ओल्या चादरींचं गाठोडं झेलायचं आणि टेबलावर टाकायचं. ऐकायला सोपं. नुसत्या हातांनी झेलायला गेलात तर मनगट गेलंच म्हणून समजा. आधी छातीवर घ्यायचं, श्वास धरायचा, मग हात मिटायचे. मावशींनी उभा जन्म हेच केलं. म्हणून धुलाईघराच्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला तेव्हा गोलकीपर कोण, हे विचारावंच लागलं नाही.

हात चालत तशी त्यांची जीभही चाले. रेडिओवर ऐकलेलं सगळं वर्ल्ड कपचं पुराण त्यांना पाठ.

"एकदा अख्खा कप चोरीला गेला. सापडला कुणाला? कुत्र्याला! कुंपणाखाली."

"आणि पोलीस?"

"ते शोधतच होते. अगं, एका फायनलला तर कोपऱ्यातली निशाणं लावायचीच राहिली. सगळी दुनिया बसलीय आणि मॅच खोळंबलीय निशाणांसाठी!"

"मावशी, पुड्या सोडू नका!"

"पहिल्या फायनलला दोन बॉल होते. दोन्ही संघ आपल्याच बॉलसाठी अडून बसले. शेवटी अर्धा खेळ यांच्या बॉलनं, अर्धा त्यांच्या."

"आणि तुम्ही तिथं बॉल धुवायला होतात!" बायका हसून हसून मशीनला टेकायच्या.

त्या वर्षी हॉस्पिटलच्या स्पर्धेत धुलाईघर पहिल्यांदाच फायनलला पोचलं. समोर स्वयंपाकघर, दर वर्षीचं विजेतं. त्यांची कप्तान मावशींची सख्खी नणंद. मावशी महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. पुढची फायनल त्यांना बाहेरूनच बघावी लागणार होती.

मैदानात उतरले तर दोन्ही संघ पांढरेशुभ्र! स्वयंपाकघरानं फायनलसाठी हौसेनं नवे शर्ट शिवले होते.

रेफ्री म्हणजे हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. त्यानं हात झटकले. "कोण कुणाला लाथ मारतंय, मला कळायचं नाही. मॅच रद्द. कप जिथं आहे तिथंच राहील."

"राहू द्या हो वहिनी," नणंद गोड हसली. "आमच्या कपाटात रुळलाय तो."

मावशींनी दोन्ही संघांच्या शर्टांवरून नजर फिरवली. आणि एकदम त्या ओरडल्या, "फ्रान्स आणि हंगेरी!"

"कुठं?" इलेक्ट्रिशियननं मागं वळून पाहिलं.

"वर्ल्ड कपात! दोघं असेच पांढरे घालून आले. मग तिथल्या एका क्लबाचे हिरव्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले. फ्रान्स ते घालून खेळलं. जिंकलंसुद्धा!"

"मावशी, ही पुडी..."

"पुडी असो नाहीतर पुडकं, पट्टे माझ्याकडे आहेत!"

त्या धावल्या. आल्या त्या पेशंटांच्या हिरव्या पट्ट्यांच्या सदऱ्यांची चळत घेऊन. इस्त्रीतून नुकतेच निघालेले, गरम.

"मळले की परत धुणार कोण?" इलेक्ट्रिशियननं विचारलं.

"मी. उद्या पहिल्या पाळीला."

त्यानं खिशातून शिट्टी काढली. शिट्टी वाजली.

धुलाईघराच्या बायकांनी सदरे चढवले होते. ढगळ, नाड्या मागं लोंबतायत, बाह्या बोटांच्याही पुढं. नाडी ओढून कुणी कुणाला अडवलं, तर इलेक्ट्रिशियन हसू दाबण्यात शिट्टी फुंकायचंच विसरला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून कुणाच्या तरी भेटीला आलेला एक म्हातारा किंचाळला, "सिस्टर, पेशंट पळाले! फुटबॉल घेऊन पळाले!"

सगळ्या खिडक्या भरल्या. प्लास्टरातला एक जण कुबडीनं गज बडवू लागला. त्या गोंधळात बॉल धुलाईघराच्या इस्त्रीवालीच्या पाठीला लागून स्वयंपाकघराच्या गोलात गेला. तिला गोल झाल्याचं मागाहून समजलं.

मग स्वयंपाकघर चवताळलं. अगदी शेवटी नणंद एकटी बॉल घेऊन समोर आली. "वहिनी, सरका!" म्हणत तिनं सगळा राग पायात आणून लाथ मारली. मावशी सरकल्या नाहीत. छातीवर घेतला, श्वास धरला, हात मिटले. बॉलसकट त्या आडव्या झाल्या. वेगात आलेली नणंदही त्यांच्या शेजारी कोसळली. खेळ संपल्याची शिट्टी झाली.

नणंदेनं गवत थुंकलं. "वहिनी, खरं सांगा. त्या फ्रान्सवाल्यांनी खरंच शर्ट मागून आणले होते?"

"देवाशप्पथ."

"मग चुकलंच आमचं. पट्टे आम्ही मागायला हवे होते!"

दोघी आडव्या पडूनच खिदळत सुटल्या. त्यांच्या डोक्याशी कप घेऊन इलेक्ट्रिशियन ताटकळत उभा, आणि उठून तो घ्यायची ताकद काही मावशींना येईना.