सैल बांगड्या
१९७४ची अक्षय तृतीया, मी आमरस काढत होते. सासूबाई दुसऱ्याच घासाला थांबल्या. "पोट दगडावानी झालं वं, सोडा दे मले." ढेकर येतात म्हणून महिनाभर त्यांना जेवणानंतर खायचा सोडा देत होतो. पेला घ्यायला त्यांनी हात उचलला, तशा हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. सासरे हसले, "उपास करून राहिली काय?" मी हसले नाही. संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांची फिकट, गुळगुळीत जीभ पाहिली, सोड्याचं ऐकलं. "पोटात आम्लच कमी दिसतं, म्हणून अन्न पडून राहतं. सोड्यानं होतं तेही मारलंत. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या," म्हणाले आणि त्यांच्या सैल बांगड्यांकडे पाहत चिठ्ठी लिहू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोडा मोरीत ओतला आणि रिक्षात बसण्याआधी त्यांच्या बांगड्या दोऱ्यानं मनगटाला बांधल्या.