व्हाइटनरखालची वस्ती

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिशातून व्हाइटनरचा पेन काढला आणि माझ्या नकाशावरची साठ घरं खोडली. मीटिंगला वीसेक जण होते. फुंकर मारून ते म्हणाले, "इथं 'मोकळी जागा' लिहा. झोपडपट्टी दिसली की फ्लॅटचे भाव पडतात हो."

मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. लाज वाटते सांगायला, पण लिहिलं.

सोसायटीला वीस वर्षं झाली म्हणून गेटवर परिसराच्या इतिहासाचा फलक लावायचा होता. मी चाकणच्या कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे आलं. केवढा फुगलो होतो मी! चार रविवार खपलो. त्यात गावच्या पाटलांचा मळा होता. तो मळा कधीच गेला, त्यावर आमची ए विंग उभी आहे. तो मात्र ठेवला, वर हिरवा रंग भरायला सांगितला. आणि भिंतीपलीकडची आमची वस्ती, जी आजही नांदती आहे, जिथल्या बायका रोज सकाळी ह्यांचीच भांडी घासायला येतात, ती खोडली.

हो, आमची. त्या साठांतलं डावीकडून तिसरं घर माझ्या आईचं. मीटिंगमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. असणार कसं? फ्लॅट घेतल्यापासून सात वर्षं मी सांगितलंच नव्हतं. कुठले विचारलं की नुसतं 'इथलाच, काळेवाडीचा' म्हणायचो, वस्तीचं नाव काढायचो नाही. आईकडे जाताना मुद्दाम लांबचा वळसा घ्यायचो. पार्किंगमध्ये वस्तीतल्या मावशी "जयभीम, बाळा" म्हणाल्या की मोबाईल कानाला लावायचो. असा मी शूर!

त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, त्या लोकांना शिव्या घालेल. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "आमी नांदेडहून आलो तवा हितं नुसता खडक होता. तुझा बाप फाउंड्रीतून सुटून यायचा आन् पहारीनं फोडायचा." मग शेंगा बाजूला सारून तिनं विचारलं, "खोडलं त्यांनी. वर लिवलं कुणी?"

घरी येऊन मी कोरा कागद पसरला.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी नकाशा न्यायला दारात आले. मी नवीन काढलेला पुढे केला. साठ घरं, प्रत्येकावर नाव.

"हे काय?"

"माझी आई राहते तिथं."

ते गडबडले. मग हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आधी सांगायचं ना! पण तुम्ही तसे वाटत नाही हं."

कौतुक होतं ते. ह्याच कौतुकासाठी मी सात वर्षं झिजलो होतो, आणि ते मिळालं तेव्हा कुणी तोंडावर थुंकल्यासारखं झालं. मी त्यांचा हात बाजूला केला. म्हणालो, "तसाच आहे मी. नकाशा लागेल तर असाच."

नाहीच लागला. गेटवर आता बाहेरून छापून आणलेला फलक आहे. मळा हिरवागार, आणि मोकळी जागा मोकळीच. माझा नकाशा वस्तीच्या तोंडाशी, विहाराच्या भिंतीवर आहे. लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. नका बोलू. मावशींना आता मीच आधी जयभीम घालतो, अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा.

सभासद आहे मी, मीटिंगला यायचा हक्क आहे. गेटवर ती मोकळी जागा आहे तोवर दर मीटिंगला उठून मी साठ नावं वाचणार. पहिलं आईचं.