हेमराज सरांची मॉनिटर

परवा शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. आवारातल्या निंबाखाली खुर्ची ओढून हेमराज सर म्हणाले, "यंदा मी लय शिकलो, म्याडम." गणिताच्या मास्तराच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण खोटंही नव्हतं. त्यांचं अख्खं साल मी पाहिलंय.

सरकारी हिशेबाने आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. हेमराज सरांची मात्र एप्रिलातच सुरू होते. सातवीचे पेपर संपले की डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मोटरसायकल काढून सर आमच्या अल्लीपूरच्या आसपासच्या गावांतून आठवीसाठी पोरं धरायला निघतात. पोरं कमी पडली तर एक मास्तर अतिरिक्त ठरतो आणि त्याची रवानगी दुसरीकडे होते. मागच्या उन्हाळ्यात ती पाळी सरांवर आली होती. सर याच गावचे, याच शाळेत शिकलेले. जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, आष्टीकडे पाठवतील असं कोणी म्हटलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. माझी नोकरी पक्की असल्यामुळे मी हे मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत म्हणत असे.

शेजारच्या गावच्या शाळेचे भैय्याजी सरही पोरांच्या मागावर होते. ते घरोघरी नवी दप्तरं वाटत. आमच्या सरांकडे वाटायला जिभेखेरीज काही नव्हतं. पहिल्याच घरी ते बोलून गेले, "तुमच्या पोराले वर्गाचा मॉनिटर करतो, जी." आई हरखली. मग पुढच्या घरी तेच आणि त्याच्या पुढच्या घरीही तेच. उन्हाळाभर सर मॉनिटरपद वाटत फिरले.

शेवटी ते कवडू आणि रामबाईच्या घरी पोचले. त्यांची गुंजन सातवी पास झाली होती. रामबाईने पन्हं दिलं. सरांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आमाले काई नाई पाह्यजे, सर. पोरगी शिकली पाह्यजे, बस."

शाळा उघडली. पहिल्याच तासाला सरांनी सवयीने विचारलं, "मॉनिटर कोन?" गुंजन सोडून अख्खा वर्ग उभा राहिला. सरांनी घाम पुसला आणि सगळ्यांना मॉनिटर करून टाकलं. पण राज्य करायला प्रजा एकच होती. एक म्हणे गुंजन, गप्प बस. दुसरा म्हणे उभी राह्य. तिसरी तिला खडू आणायला पिटाळी.

पोळ्यापर्यंत पोरीने सोसलं. मग एक दिवस ती थेट स्टाफरूममध्ये आली.

"सर, मी भैय्याजी सराच्या शाळेत चालली."

सरांनी चहा तसाच खाली ठेवला. पटाची मोजणी तोंडावर आली होती. लागत होती नेमकी तेवढीच पोरं वर्गात होती. गुंजन गेली म्हणजे सर गेलेच.

"काऊन वं बाई?"

"सगळेच मायावर हुकूम चालवून राह्यले. मी कोनावर चालवू?"

"तुले बी मॉनिटर करतो ना."

"मंग मायं कोन आयकन? सगळेच तर मॉनिटर हायेत."

सर माझ्याकडे पाहू लागले. "सर आहेत की रिकामे," मी म्हटलं.

गुंजनने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात बैल न्याहाळतात तसं. म्हणाली, "चालन."

त्या दिवसापासून हेमराज सर सुतासारखे सरळ झाले. वर्गात फोन वाजला की तो टेबलावर जमा व्हायचा. खडू फेकून मारणं बंद झालं. "सर, परत सांगा," असा हुकूम आला की गणित परत सांगावं लागे, आणि तो हुकूम रोज येई. बाकीचे मॉनिटर आपापले हुकूम विसरून हीच मजा बघत बसत. बघता बघता त्यांनाही गणित यायला लागलं. सर उशिरा आले तर त्यांना दाराबाहेर उभं राहावं लागे.

नेमकी मोजणीच्या दिवशी मोटरसायकल पंक्चर झाली. तपासणीचे साहेब आले, मीच त्यांना आठवीकडे घेऊन गेले, तर सर पिशवी काखेत धरून वर्गाबाहेर उभे! साहेबांनी आत जाऊन एकेक डोकं मोजलं. पट भरला. मग त्यांनी विचारलं, "सर बाहेर का?"

"लेट आले," गुंजन म्हणाली.

साहेबांना गंमत वाटली. "मग असे सर कशाला ठेवता? घेऊन जाऊ का दुसऱ्या शाळेत?"

सरांचा चेहरा उतरला. थट्टा आहे हे मला कळत होतं, तरी मला हसू आलं नाही. गुंजन उठली, दारापाशी गेली आणि सरांची बाही धरून त्यांना आत घेऊन आली.

"नोका नेऊ, साहेब. मायाजवळ हे एकच हायेत."

सर फळ्याकडे वळले आणि वळलेलेच राहिले. हातात खडू होता, पण फळ्यावर काही उमटेना.

"लिवा ना, सर," मॉनिटर म्हणाली.