घरतकाकांची ‘वा!’

डास पळवायच्या मलमाचा वास आला की मला पनवेलच्या शाळेतला तो हॉल आठवतो. दहा-बारा वर्षं झाली. आमचे शेजारी घरतकाका एका वृद्ध गायिकेचं गाणं रेकॉर्ड करत होते. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखे बंद. आम्ही दहा-बारा श्रोते मलम फासून घामात बसलेलो. “शिंक आली तर गिळा,” काकांनी दम दिला होता.

बाई मारवा राग गात होत्या. त्यात षड्ज, म्हणजे ‘सा’, बराच वेळ टाळतात. अखेर त्या षड्जावर टेकल्या आणि काकांच्याच तोंडून निघालं, “वा!”

काका पांढरेफटक. “तीस वर्षांत असं कधी नाय झालं, बाई. पुन्हा घेऊ?”

“आता दम नाही उरला,” बाई हसल्या. “आणि दाद कापतात का कुणी? राहू दे.”

तेव्हा मी काकांवरच चिडले होते. आज चीड वेगळीच आहे. त्या गाण्याच्या सीडीवर तबलजीचं नाव आहे, प्रायोजक सराफाचं तर ठळक आहे. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपणाऱ्या काकांचं कुठेच नाही. ही कुठली रीत?

काका गेले. मी ती सीडी लावते आणि षड्जाची वाट बघते. त्यांचा आवाज तेवढाच उरलाय.